मांडीवरची पाटी

दिवाकर : म्हणजे गाडी तुमच्या घरी आली ते साल दोन हजार चोवीस. एवढं तरी आपल्या दोन्ही बाजूंना मान्य आहे.

सखुबाई : साल मान्य हाय. तारीख चुकलीय तुमची. तुम्ही लिवलंय तेरा डिसेंबर. गाडी आली बाराला, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी. माझा घट मांडून झालेला व्हता, नैवेद्य दाखवायचा राह्यला नि दारात हॉर्न वाजला.

दिवाकर : कागदावर तेरा आहे, आजी.

सखुबाई : कागद शुक्रवारी लिवला आसंल. गाडी गुरुवारी आली. आन् आजी म्हनू नका मला. माझ्यापेक्षा जास्त पांढरं तुमच्या डोक्यावर हाय.

दीपमाला : आई!

सखुबाई : काय आई? खोटं बोलले का?

दिवाकर : खरं आहे. मे अखेर निवृत्त होतोय. बरं, सखुबाई म्हणतो. आता मी मोठ्यानं जे बोलेन ते तुमच्यासाठी नाही, नोंदीसाठी आहे. मधे बोलू नका. 'सुनावणीस हजर, श्रीमती दीपमाला भिमाजी विधाते, वय एक्केचाळीस, राहणार मखमलाबाद, नाशिक. सोबत त्यांच्या आई. अर्जदार व्हीलचेअर वापरतात.' व्यवसाय काय लिहू?

दीपमाला : फुलशेती. गुलाब.

दिवाकर : जरा विचार करून सांगा. नोटीस त्यावरच आहे.

दीपमाला : एकोणीस वर्षं तेच करतेय साहेब, आता विचार कसला? गुलाब लिहा.

दिवाकर : लिहिलं. वकील आणला नाहीत?

सखुबाई : वकील आनला आसता तर तो बोलला आसता नि आम्ही गप बसलो आसतो. त्याच्यापरीस हे बरं.

दीपमाला : साहेब, नोटीस मी तीनदा वाचली. पण एकदा आईला तुमच्या तोंडून ऐकू दे. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, दिलेलं सरकार परत कसं मागेल?

दिवाकर : ऐका मग. परदेशातून गाडी आणली की आमचं कस्टम्स खातं तिच्यावर भरपूर आयात-ड्युटी घेतं. पण गाडी अपंग माणसासाठी मुद्दाम बनवलेली असेल तर ड्युटी कमी. तुमची गाडी तशी आहे. मागून उतरती फळी खाली येते, यांची खुर्ची सरळ स्टिअरिंगपर्यंत जाते, तिथे अडकते, ब्रेक नि वेग दोन्ही हातात. जपानहून आली. सवलत मिळाली. इथपर्यंत काही म्हणणं?

सखुबाई : इथपर्यंत तुम्ही ग्वाड बोलताय.

दिवाकर : आता कडू. ही सवलत नाकारता येते, किंवा दिलेली परत घेता येते. गाडी दुसऱ्याच्याच नावावर निघाली तर. आत बसवलेली सोय काढून टाकली तर. पाच वर्षांच्या आत विकली तर. आणि धंद्याला लावली तर. भाडं मारलं, माल वाहिला, काहीही. तुमच्यावर आरोप या शेवटच्याचा आहे.

सखुबाई : आन् परत घेतली तर काय व्हतं?

दिवाकर : उरलेली ड्युटी व्याजासकट भरायची. साडेअकरा लाखांच्या घरात जाते. नाही भरली तर गाडी आम्ही नेतो.

सखुबाई : नेतो म्हंजे? कुठं नेतो?

दिवाकर : गोदामात. मग लिलाव.

सखुबाई : ऐका साहेब. आमचं पाऊन एकर वावर तुमच्या रिंगरोडात गेलं. विहिरीच्या वरच्या अंगाचं, सगळ्यात चांगलं. त्याचे पैसे आले तवा भाऊबंद म्हनले, सखूकाकी, प्लॉट घे. सोनं घे. मी म्हनलं, रस्ता माझ्या वावरातून गेला, मंग त्या रस्त्यानं माझी पोर का जाऊ नये? त्या वावराची ही गाडी हाय. वावर गेलं, आता गाडी न्या. मला एकदा शेवटलं सांगा, तुम्हाला आमच्या घरातलं आजून काय काय पाह्यजे?

दिवाकर : मला काहीच नको आहे, सखुबाई. रस्ता माझा नाही, लिलावही माझा नाही. मला फक्त या फोटोचं उत्तर पाहिजे.

सखुबाई : बघू द्या. माझा चष्मा दे गं... आगं बया! लय ब्येस आलाय की फोटो! आमच्याकडं मोबाइलमधी एवढाच दिसत व्हता.

दिवाकर : रंगीत छापून घेतलाय. पुरावा आहे तो.

सखुबाई : काम झालं की मला देशाल का?

दीपमाला : आई, गप बस ना.

दिवाकर : फोटोत तुमची नवीन गाडी आहे. मागचं दार उघडं आहे. आत पाट्या, पाट्यांत फुलं. काठोकाठ. आणि खाली काय लिहिलंय ते वाचतो. 'आमच्या व्यवसायाच्या सेवेत नवीन गाडी दाखल. लग्न, मुंज, सत्कार, ताज्या फुलांच्या ऑर्डरसाठी संपर्क.' पुढे मोबाइल नंबर. कोणीतरी निनावी तक्रारीसोबत आम्हाला पाठवलं. आता तुम्ही माझ्या खुर्चीत बसा आणि सांगा, याचा काय अर्थ लावायचा?

दीपमाला : नंबर माझा नाही.

दिवाकर : माहीत आहे. भारत विधाते. तुमचा चुलतभाऊ.

दीपमाला : भारतचा टेम्पो आहे. दोन वर्षांपूर्वी टेम्पो घेतला तेव्हा त्यानं ही जाहिरात करून घेतली होती, कडेनं झेंडूच्या माळा वगैरे. तेव्हापासून घरात काहीही आलं की तो त्याच चौकटीत फोटो बसवतो. फवारणी पंप आला, तेव्हा हेच. त्याला मुलगी झाली तेव्हासुद्धा हेच लावलं होतं.

दिवाकर : मुलीच्या फोटोखाली?

दीपमाला : 'आमच्या सेवेत दाखल.' हे बघा, आहे माझ्या मोबाइलवर. वहिनी चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

दिवाकर : ...भारत आलाय का?

सखुबाई : बाहेर चहाच्या गाडीपाशी बसलाय. त्वांड दाखवायला लाजतोय. कालपासून जेवला नाय. मी म्हनलं, जेव रे, तुझ्या न जेवन्यानं काय ड्युटी कमी व्हनार हाय?

दिवाकर : ठीक. ओळी चुकून लागल्या असं समजू. पण फुलं चुकून लागली नाहीत ना? पाट्या गाडीतच आहेत.

सखुबाई : त्या असनारच. पहिली खेप हाय ती.

दिवाकर : बघा, तुम्हीच म्हणताय. खेप.

सखुबाई : आसराची खेप.

दिवाकर : म्हणजे?

सखुबाई : आमच्या विहिरीवर साती आसरा हायेत. सात बहिनी, पान्यातल्या. शेंदूर लावलेले सात दगडं. आमच्या घरात जे चाकावर येतं त्याची पहिली खेप फुलांची, आन् ती आसरांची. त्यातलं एक फूल माघारी आनायचं नाय, विकायचं नाय, आपल्या देव्हाऱ्यालासुदीक घ्यायचं नाय. सगळं पान्यात सोडायचं. मी लगीन करून आले बहात्तर सालात. दुष्काळ. सासऱ्यानं कशी कोन जाने, पन बैलगाडी नवी केलती. विहीर कोरडी ठाक. फुलं कुठली? सासूनं हंड्याच्या पान्यावर चार झाडं शेवंती जगवलती, तिची नऊ फुलं निघाली. नऊ. ती त्या एवढ्या मोठ्या गाडीत मधोमध ठेवली नि गाडी विहिरीवर नेली. कोरड्या विहिरीत सोडली फुलं. मी नवी नवरी, मला हसू आलं. सासूनं असा चिमटा काढला, अजून काळा डाग हाय दंडाला. दाखवू?

दिवाकर : नको, नको.

सखुबाई : मंग एकोनऐंशीला ह्यांची सायकल. ब्यान्नवला लुना. धा साली जुना छोटा टेम्पो, मंग भारतचा नवा. समद्यांची पहिली खेप आसरांनी घेतलीय. तुमची जपानी गाडी काय त्यांच्यापरीस मोठी लागून गेली?

दिवाकर : सखुबाई, मला पटतंय. पण माझ्या पटण्याला कागदावर किंमत नाही. आसरा पावती देत नाहीत. ही फुलं पाण्यात गेली की बाजारात, हे या फोटोवरून मी कसं सांगू?

सखुबाई : फोटोवरूनच सांगा. डोळे हायेत ना? काय दिसतंय पाटीत?

दिवाकर : गुलाब.

सखुबाई : कसे?

दिवाकर : कसे म्हणजे? लाल. पिवळेही आहेत थोडे.

सखुबाई : रंग इचारला नाय मी. नीट बघा.

दीपमाला : साहेब, बाजारात गुलाब कसा जातो सांगू? संध्याकाळी तोडतो, कळी असताना. पाकळी सुटायच्या आत. दांडा हातभर. वीसवीसची जुडी, वरून पुठ्ठा गुंडाळायचा, रात्रभर बादलीत पाणी पाजायचं, मग उभी क्रेटमध्ये. कळी जरा जरी उमलली असेल तरी व्यापारी बाजूला काढून टाकतो. दुपारपर्यंत तिच्या पाकळ्या गळतात, तो विकणार कोणाला?

सखुबाई : आता ह्या पाटीत बघा. दांडा हाय एकाला तरी? पुठ्ठा हाय? उमलून असे झालेत, तळहातायेवढे. सकाळी ऊन्ह आल्यावर तोडलेत मी, माझ्या हातानं. समद्या नाशकात हिंडून या. ह्या पाटीचे दहा रुपये देनारा माणूस दाखवा, मी अंगठा उठवते तुमच्या कागदावर.

दीपमाला : तुला सही येते.

सखुबाई : मंग सही करते!

दिवाकर : ...आमच्या घरी देवाला उमललेलीच यायची.

सखुबाई : काय म्हनलात?

दिवाकर : काही नाही.

सखुबाई : तुम्ही गर्गे ना? बाहेर पाटीवर वाचलं. रामकुंडावरचे का? यजमानांच्या वंशावळीच्या वह्या ठेवनारे?

दिवाकर : वडील ठेवायचे. हे बघा, ओळख काढू नका. ओळख काढली तर मला ही फाइल दुसऱ्याकडे द्यावी लागेल.

सखुबाई : मी कशाला काढू ओळख? तुमच्या घरी मी कधी फूल दिलं नाय, तुमचं एक पान खाल्लं नाय. एवढंच इचारते, तुमच्या आईनं कधी कळ्या वाह्यल्या का देवाला?

दिवाकर : नाही. आई म्हणायची, न उमललेलं देवाला देऊ नये. फूलवाल्या सकाळी उरलेली, उमललेली टोपलीभर टाकून जायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. ...थांबा जरा. तो फोटो द्या इकडे. हे काय आहे, या कोपऱ्यात? हात आहे का?

दीपमाला : हात आहे. हिरव्या बांगड्या.

दिवाकर : कोणाचा?

सखुबाई : सिंधुबाईचा. माझी जाऊ. भारतची आई.

दिवाकर : ती गाडीला हात लावून का उभी आहे?

सखुबाई : उभी कुठली, ढकलतीय! आसराची खेप बैलानं वढायची नसते, इंजिनानं न्यायची नसते. घरातल्या बायकांनी हातानं न्यायची. बैलगाडीचं जू आम्ही सासवासुनांनी धरलं. ह्या गाडीला मागून मी, सिंधुबाई नि भारतची बायको. लय घाम काढला तुमच्या जपानवाल्यानं. गेर काढून ती मोकळी कशी सोडायची हेच कोनाला उमजंना. पुस्तक समदं जपानी.

दिवाकर : आणि स्टिअरिंग? दीपमालाबाई, तुम्ही आत होतात?

दीपमाला : कशी असणार? माझ्या खुर्चीच्या जागेवरच पाट्या आहेत. बघा ना, अगदी पुढे, स्टिअरिंगला टेकलेल्या. भारतनं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं होतं. मी मागून खुर्चीवर येत होते. फोटो मीच काढलाय.

दिवाकर : म्हणजे चालवणाऱ्याची जागा फुलांनी भरलेली.

दीपमाला : हो.

दिवाकर : म्हणजे या फोटोत ही गाडी कोणालाही चालवता येणं शक्य नाही.

सखुबाई : एवढा वेळ मी काय सांगतीय?

दिवाकर : तुम्ही गुलाब सांगत होता. हे मला दिसलं. दोन्ही लिहितो. 'छायाचित्रातील फुले पूर्ण उमललेली, दांड्याविना, विक्रीस अयोग्य. चालकाच्या जागी पाट्या. वाहन मनुष्यबळाने ढकलले जात असल्याचे दिसते.' फोटो तुमच्या बाजूनं झाला. आता राहिलं एकच. हा कागद. यावर सही केलीत की माझ्याकडून प्रकरण बंद करण्याची शिफारस आजच जाईल.

सखुबाई : झालं म्हना! दे गं पेन.

दीपमाला : थांब. वाचू दे. 'मी लिहून देते की सदर वाहनातून फुले, पाट्या, क्रेट अथवा शेतमाल यांपैकी कोणतीही वस्तू कोणत्याही कारणास्तव कधीही नेणार नाही.' ...मी सही करणार नाही.

सखुबाई : आगं!

दिवाकर : दीपमालाबाई, हा नेहमीचा मजकूर आहे. पुन्हा शंका यायला नको म्हणून.

दीपमाला : मी भाड्यानं देणार नाही, लिहून घ्या. विकणार नाही, पाच नाही, पंधरा वर्षं लिहून घ्या. क्रेट भरणार नाही, क्रेटला भारतचा टेम्पो आहे. पण माझ्या गाडीत कधी फूल नसेल, हे मी लिहून देणार नाही.

सखुबाई : दीपा, कर सही. घरी गेल्यावर कोन बघाया येतंय?

दीपमाला : म्हणजे आज सत्य सांगून सुटायचं आणि सुटल्यावर खोटं वागायचं? तू अर्धा तास काय भांडलीस मग?

सखुबाई : गाडीसाठी भांडले! गाडी गेली तर तू पुन्हा दिसभर घरच्या ओट्यावर बसशील. मला नाय बघवत आता. माझं वय झालं.

दीपमाला : साहेब, मला ही गाडी कशाला पाहिजे ते कोणी विचारलंच नाही. तुम्ही नाही, आईनंही नाही. मला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आई मला सायकलवर बाजारात न्यायची. कॅरिअरला दोन पाट्या, एकीत झेंडू, एकीत मी. चौथीत जाईपर्यंत. बाजारातल्या बायका मला विचारायच्या, हिचा काय भाव गं सखू? आणि आई म्हणायची...

सखुबाई : ही इकायची नाय. आजून कळी हाय.

दीपमाला : मग मी पाटीत मावेनाशी झाले. तेव्हापासून बाजार बंद. पॉलीहाउस मी उभं केलं, कर्ज मी फेडलं, कोणत्या झाडाला किती पाणी हे मी झोपेतही सांगेन. पण माझा गुलाब कसा विकला जातो ते मी एकोणीस वर्षांत एकदा पाहिलेलं नाही. जुडी ऐंशीला गेली की पन्नासला, ते मला फोनवर कळतं. खालचा माल निघाला म्हणतात, मी कोणाचं तोंड बघून म्हणू, दाखव कुठं खालचा आहे? गाडी मला त्यासाठी हवीय. माझा माल विकला जात असताना तिथं हजर राहायला. आणि आमच्यात बाई बाजारात रिकाम्या हातानं जात नाही. एक पाटी तरी बरोबर असते. तिच्यावरून बोली सुरू होते. ती पाटी बघूनच व्यापारी ओळखतो की मालाची धनीण आली.

दिवाकर : एक पाटी.

दीपमाला : एक.

दिवाकर : म्हणजे शेतमाल. म्हणजे पुन्हा तोच नियम.

दीपमाला : तुम्ही ऑफिसला येताना डबा आणता ना साहेब? बॅग आणता, फायली आणता. तुमच्या स्कूटरला कोणी मालवाहू म्हणतं का?

दिवाकर : मी ती विकत नाही.

दीपमाला : पगार घेता.

सखुबाई : आन् पाटी गाडीत ठेवायचीच नाय आपल्याला! डिकीत नाय, सीटवर नाय. मी तिच्या शेजारी बसनार. पाटी माझ्या मांडीवर. यष्टीत बसायचे तवा कंडक्टरनं मांडीवरच्या पाटीचं तिकीट कधी फाडलं नाय. बहात्तरपास्नं एकदासुदीक नाय. माझ्या मांडीवर काय ठेवायचं नि काय नाय हे आता सरकार ठरवनार का? तसं आसंल तर लिवून द्या. मी वाचून दाखवते समद्या मखमलाबादला.

दिवाकर : ओरडू नका, बाहेर लोक बसलेत.

सखुबाई : ऐकू द्या की!

दिवाकर : ...एसटीत खरंच फाडायचे नाहीत?

सखुबाई : मांडीवर आसंल तर नाय. खाली ठेवली की फाडायचे. म्हनून तर मांडीला एवढे वळ.

दिवाकर : द्या तो कागद. हा मजकूर खोडतो. आता मी सांगतो ते ऐका, आणि पटलं तरच सही करा. 'सदर वाहन भाड्याने देणार नाही, विकणार नाही, त्यातून मालवाहतूक करणार नाही. सोबतच्या प्रवाशाने स्वतःच्या मांडीवर घेतलेली वस्तू ही मालवाहतूक समजली जाऊ नये.'

दीपमाला : हे चालेल वरच्यांना?

दिवाकर : माहीत नाही. बत्तीस वर्षांत मी असं काही लिहिलेलं नाही. नामंजूर झालं तर पुन्हा बोलावतील, तेव्हा या खुर्चीत दुसरं कोणी असेल. सोपा रस्ता पहिल्या कागदाचा होता, हे मी तुम्हाला आजच सांगून ठेवतो.

दीपमाला : आई?

सखुबाई : तुझी गाडी. तुझी सही. मी आपली मांडी दिली.

दीपमाला : पेन द्या साहेब.

(दीड वर्षानंतर. सकाळचे सात. पंचवटीतला फुलबाजार.)

दिवाकर : दीपमालाबाई? ओळखलंत का?

दीपमाला : साहेब! टोपी घातलीत, म्हणून जरा वेळ लागला. इकडे कुठे?

दिवाकर : फुलं न्यायला. वडील गेल्यापासून घरच्या पूजेला कोणाला वेळच नव्हता. आता मलाच वेळ आहे. यजमानांच्या जुन्या वह्याही बाहेर काढल्यात, कसर लागलीय, एकेक पान पुसतोय. तुमचं कसं?

दीपमाला : रोज येते. पहिला महिनाभर लोक मला बघायलाच गर्दी करायचे, खुर्ची गाडीतून कशी उतरते ते. आता कोणी बघत नाही. आता माझ्याशी भांडतात.

दिवाकर : दरावरून?

दीपमाला : दरावरून. आणि मीही. मागच्या महिन्यात एकानं माझी क्रेट खालच्या प्रतीत टाकली. मी म्हटलं, उघड. सगळ्यांसमोर उघड. जुडी सोडून वीसच्या वीस कळ्या बंद आहेत हे दाखवलं. तेव्हापासून तो मला ताई म्हणतो.

दिवाकर : आधी काय म्हणायचा?

दीपमाला : ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

दिवाकर : आणि भारत?

दीपमाला : टेम्पोवर आहे. क्रेट त्याच्याकडेच. मोबाइलवर आता काही टाकायचं असलं की आधी मला वाचून दाखवतो. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तर विचारतो, ताई, नुसतं 'मुलगा झाला' लिहिलं तर चालेल ना?

दिवाकर : तक्रार कोणी केली होती ते कळलं का?

दीपमाला : आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाव अजून चारचौघांत घेत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव मात्र आम्हीच सजवला. आई स्वतः उभी राहिली. पैसे रोख घेतले, एक रुपया सोडला नाही.

दिवाकर : तुमच्या कागदाची गंमत तुम्हाला सांगायची राहिली. मी निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात तो मुंबईहून परत आला होता. शेरा होता, 'मांडी म्हणजे नेमके काय, स्पष्ट करावे.'

दीपमाला : काय सांगता! मग?

दिवाकर : मी लिहिलं, 'व्यक्ती बसली असता तयार होणारी व उठली असता नाहीशी होणारी जागा. सबब ही वाहनातील जागा धरता येत नाही.' मंजूर होऊन आला. माझं शेवटचं टिपण ते. ऑफिसात अजून मला त्यावरून चिडवतात.

दीपमाला : हे आईला ऐकवा.

दिवाकर : कुठे आहेत त्या?

दीपमाला : गाडीत. गुडघे गेलेत आता, उतरणं होत नाही. पण घरी थांब म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, मी नसले तर पाटी कोनाच्या मांडीवर ठेवशील? दुसऱ्या कोणाला बसूच देत नाही त्या सीटवर.

सखुबाई : कोन हाय गं? कोनाशी बोलतीयस एवढी?

दीपमाला : गर्गेसाहेब आलेत, आई!

सखुबाई : बोलव की इकडं, काचेपाशी. या साहेब. बघून घ्या, मोजून घ्या. पाटी एक. मांडी एक. सीटवर काय नाय, पायाशी काय नाय.

दिवाकर : आता मी कोण मोजणारा? रिटायर झालो, सखुबाई. मी पूजेला फुलं घ्यायला आलोय. किती देऊ?

सखुबाई : ह्यातली जुडी घेऊ नका, ह्या कळ्या. तुमच्या आईला चालायच्या नाय. हा धरा. हा, हा वरचा. आन् खिशातला हात बाहेर काढा.

दिवाकर : अहो, पैसे तर...

सखुबाई : उमललाय तो. त्याचे कशाचे पैसे?